धरणात पाणी, तरी वस्तीत टँकर : हडपसर आणि पाण्याच्या हक्काचा प्रश्न

दरवर्षी २० मार्चला आपण महाडच्या चवदार तळ्याचे स्मरण करतो. त्यानंतर दोनच दिवसांनी, २२ मार्चला, जग ‘जागतिक जल दिन’ पाळते. १९९३ पासून हा दिवस पाळला जातो. महाडचा सत्याग्रह त्याच्या ६६ वर्षे आधीचा, १९२७ चा. पाणी हा माणसाचा हक्क आहे हे संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने औपचारिक ठराव करून मान्य केले ते २८ जुलै २०१० रोजी. बाबासाहेबांनी हजारो लोकांना घेऊन तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा त्यांनी हीच गोष्ट जगाच्या ८३ वर्षे आधी कृतीतून मांडली होती.

हा अभिमानाचा विषय आहेच. पण अभिमानाबरोबर एक हिशेबही करायला हवा. आज पाण्यावर जातीची पाटी लावता येत नाही. मग पाणी सगळ्यांपर्यंत सारखे पोचते का? पोचत नसेल तर कशामुळे? हा प्रश्न समजून घ्यायला पुण्याच्या पूर्वेचा हडपसर परिसर पुरेसा आहे.

टंचाई दोन प्रकारची असते

पाणीटंचाई म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भेगा पडलेली जमीन येते. तशी टंचाई खरीच असते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. तिथे जलस्रोतच आटले होते.

दुसऱ्या प्रकारच्या टंचाईत पाणी असते, पण ते सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. जगातली बरीचशी टंचाई अशी आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त पाहणीनुसार २०२२ मध्ये जगातल्या सुमारे २२० कोटी लोकांना सुरक्षित पिण्याचे पाणी घरात मिळत नव्हते आणि सुमारे ३५० कोटी लोकांना सुरक्षित शौचव्यवस्था नव्हती. याच पाहणीत असेही आढळले की ज्या घरांत पाणी घराच्या आवारात येत नाही, अशा दहापैकी सात घरांत पाणी भरण्याचे काम बायका आणि मुलींवर पडते.

श्रीमंत देशही यातून सुटलेले नाहीत. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी तिथला पाण्याचा स्रोत बदलला. नवे पाणी जुन्या नळांना खाऊ लागले आणि शिसे लोकांच्या पोटात गेले. लोक गढूळ पाण्याच्या बाटल्या दाखवत होते, अधिकारी पाणी ठीक असल्याचे सांगत होते. तिथे पाणी भरपूर होते, पण तक्रार करणाऱ्यांचे ऐकून घेणारे कोणी नव्हते.

पुण्याची टंचाई मुख्यतः या दुसऱ्या प्रकारची आहे.

पुण्याच्या पाण्याचा हिशेब

पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचे पाणी मिळते. त्यांची मिळून साठवण क्षमता सुमारे २९ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, लिटरमध्ये सांगायचे तर सुमारे २,८३० कोटी लिटर. शहराच्या पूर्व भागासाठी भामा आसखेड धरणाची योजना २०२१ मध्ये सुरू झाली. सर्व स्रोत मिळून महापालिका वर्षाला वीस टीएमसीहून अधिक पाणी उचलते.

आता साधी आकडेमोड करू. वीस टीएमसी म्हणजे दिवसाला सुमारे १५५ कोटी लिटर. २०११ नंतर जनगणनाच झालेली नसल्याने नेमकी लोकसंख्या कोणाकडेच नाही. ती ७० लाख धरली, तरी माणशी दिवसाला २२० लिटरच्या आसपास पाणी पडते. भुयारी गटारे असलेल्या शहरासाठी केंद्र सरकारच्या नियमावलीत माणशी १३५ लिटरचे प्रमाण सांगितले जाते, मोठ्या महानगरांसाठी १५० लिटरचे. गळती ४० टक्के धरून वजा केली, तरी सरासरी १३० लिटरच्या पुढे राहते.

म्हणजे सरासरी पाहिली तर पुण्यात कुणाचाही घसा कोरडा पडायला नको. पण सरासरी म्हणजे वाटप नव्हे. एका घरात माणशी अडीचशे लिटर पाणी जात असेल, तर दुसऱ्या कुठल्या तरी घरातून ते कमी झालेले असते. ते घर बहुधा नळाच्या शेवटच्या टोकाला असते.

हडपसर टोकाला का पडते

खडकवासला शहराच्या नैर्ऋत्येला आहे आणि हडपसर पूर्वेला. हडपसरला येणारे पाणी मुख्यतः लष्कर जलकेंद्रात शुद्ध होऊन, टाक्यांमधून वाटत वाटत पुढे येते. वाटेत जितक्या जोडण्या, जितकी गळती, जितके पंप, तितका शेवटी दाब कमी. रामटेकडी आणि वैदुवाडीसारख्या दाट वस्त्यांत एका नळावर अनेक घरे असतात. पाणी ठरावीक वेळच येते. दाब कमी असेल तर ज्याच्याकडे मोटर आहे तो ओढून घेतो. ज्याच्याकडे मोटर नाही, त्याच्या नळाला नुसती हवा येते.

त्याच्या पुढची गावे तर आणखी वेगळ्या स्थितीत आहेत. ऑक्टोबर २०१७ मध्ये साडेसतरा नळी, केशवनगर, फुरसुंगी, उरुळी देवाची, उंड्री यांसह अकरा गावे महापालिकेत आली. जून २०२१ मध्ये मांजरीसह आणखी २३ गावे आली. हद्द वाढली, घरपट्टी सुरू झाली, इमारती उभ्या राहिल्या. जलवाहिन्या आणि मलवाहिन्या मात्र त्या वेगाने आल्या नाहीत. बऱ्याच ठिकाणी टँकर हीच पाणीपुरवठ्याची व्यवस्था होऊन बसली.

टँकरचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. दहा हजार लिटरचा टँकर मोठा वाटतो. माणशी १३५ लिटरच्या प्रमाणाने पाच जणांच्या घराला दिवसाला ६७५ लिटर लागतात, म्हणजे एक टँकर जेमतेम १५ घरांना पुरतो. ग्रामीण भागासाठीच्या जलजीवन मिशनचे माणशी ५५ लिटरचे प्रमाण धरले तरी त्या घराला २७५ लिटर हवेत. पंधरा लिटरचा एक हंडा धरला तर रोजचे अठरा हंडे, आणि वजनात पावणेतीनशे किलो. हे वजन रोज कोण उचलते, हे सांगायला पाहणीची गरज नाही. मोठ्या सोसायटीत टँकरचे पैसे मासिक खर्चात विभागले जातात. वस्तीतल्या बाईला मात्र त्यासाठी रोजगार बुडवून रांगेत उभे राहावे लागते.

फुरसुंगीचे उदाहरण तर अन्यायाचा सरळ नमुना आहे. पुणे शहराचा कचरा अनेक दशके उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीतल्या डेपोत उघड्यावर टाकला गेला. कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याने विहिरी आणि बोअरवेल नासल्या. स्वतःचे पाणी असलेल्या गावाला टँकरवर यावे लागले. लोकांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. गावे महापालिकेत घेतली गेली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. हद्दीची रेषा बदलली म्हणून जमिनीखालचे पाणी शुद्ध होत नाही.

शुद्ध पाणी वाटेत अशुद्ध कसे होते

जलकेंद्रातून निघालेले पाणी शुद्ध असते, मग घरात येईपर्यंत ते दूषित कसे होते? पाणी दिवसातून थोडाच वेळ सोडले जाते, तेव्हा उरलेला वेळ नळ रिकामा असतो. रिकाम्या नळात पोकळी तयार होते आणि सांध्यांतून, भेगांतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. शेजारून गटार वाहत असेल तर गटाराचे पाणी आत जाते. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे गढूळ किंवा वास येणारे पाणी येते, त्याचे हे एक मुख्य कारण. नळाला मोटर लावली की ही ओढ आणखी वाढते. म्हणूनच चोवीस तास, सारख्या दाबाने पाणी देणे ही चैन नाही, आरोग्याची गरज आहे. पुण्याची समान पाणीपुरवठा योजना याच विचारावर आखली गेली, पण ती वर्षानुवर्षे रेंगाळली.

यापासून बचाव म्हणून पाण्यात क्लोरीन टाकतात. नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे असे भारतीय मानक सांगते. ते शिल्लक असेल तर वाटेत शिरलेले जंतू मरण्याची शक्यता राहते. शिल्लक शून्य असेल तर पाणी स्वच्छ दिसूनही धोक्याचे असू शकते.

याची किंमत पुण्याने जानेवारी २०२५ मध्ये मोजली. सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी, नांदोशी या भागांत गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. पुणे विभागात संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, काहींचा मृत्यू झाला. हा आजार स्वतः संसर्गजन्य नाही. आधी पोटाला जंतुसंसर्ग होतो आणि मग शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर हल्ला करते. काही रुग्णांच्या तपासणीत दूषित अन्नपाण्यातून येणारा कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला. हा सगळा पट्टाही शहराच्या कडेचा, नव्याने समाविष्ट झालेल्या गावांचा, हे विसरता येत नाही. तिथे जे झाले ते पूर्वेच्या टोकाला होणार नाही, असे म्हणायला काही आधार नाही.

गटारात कोण उतरते

पाण्याच्या प्रश्नाची दुसरी बाजू सांडपाण्याची आहे, आणि इथे जात अजून उघडपणे दिसते. जिथे मलवाहिनी नाही तिथे सेप्टिक टँक असतात. ते भरले की कुणाला तरी बोलावले जाते. मार्च २०२२ मध्ये हडपसरच्या पुढे, लोणी काळभोरजवळच्या कदमवाकवस्तीत असा टँक साफ करताना चार जणांचा जीव गेला.

एकाच ठिकाणी तीन-चार मृत्यू का होतात, हे समजून घ्यायला हवे. बंद टाकीत मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतात, प्राणवायू कमी होतो. हायड्रोजन सल्फाइडला सुरुवातीला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पण वायूचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. माणसाला वाटते वास गेला, धोका टळला, आणि तो काही क्षणांत कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. तोंडाला रुमाल बांधून हा वायू अडत नाही.

हे काम माणसाकडून करून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी १० लाखांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. तरीही फोन केल्यावर येणारा माणूस बहुतेक वेळा दलित असतो. अस्पृश्यता संविधानाच्या कलम १७ ने संपवली, पण कामाच्या वाटणीतून ती गेलेली नाही.

ठराव आणि पाणी यांतले अंतर

महाडचा इतिहास आपण नीट वाचला तर आजच्या लढ्यासाठी त्यात एक व्यावहारिक धडा सापडतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. कागदावर तळे खुले होते, पण तीन वर्षे कुणी पाण्याला हात लावू शकले नाही. १९२७ मध्ये सत्याग्रह झाला, लोकांनी मार खाल्ला, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आला १७ मार्च १९३७ रोजी. ठरावापासून निकालापर्यंत जवळपास १४ वर्षे गेली. बाबासाहेबांनी ही सारी वर्षे मैदानात आणि न्यायालयात, दोन्हीकडे लढा चालू ठेवला.

त्याआधी पुण्यात महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. फुल्यांचे हडपसरशीही नाते आहे. शेजारच्या मांजरीत त्यांची शेती होती. शेतकऱ्याला कालव्याचे पाणी वेळेवर आणि पुरेसे मिळावे, हा विषय त्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडला. ते पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते. पाणी हा दानधर्माचा नव्हे तर कारभाराचा विषय आहे, हे त्यांनी ओळखले होते. पुढे व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी दामोदर खोरे प्रकल्पाला आणि देशाच्या मध्यवर्ती जलआयोगाच्या स्थापनेला दिशा दिली, तीही याच जाणिवेतून.

आणि त्याही मागे तथागत आहेत. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद सांगितला आहे. शाक्य आणि कोलीय दोघेही त्या पाण्यावर शेती करत. वाद युद्धापर्यंत गेला. सिद्धार्थाने युद्धाला विरोध करून सुचवले, की दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पंचांनी निवाडा करावा. पाणी ताकदीने नव्हे, सर्वांचा आवाज असलेल्या व्यवस्थेने वाटावे, असा त्याचा अर्थ. मोटर लावून शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढणाऱ्यालाही आणि शहराच्या वरच्या भागात पाणी मुरवणाऱ्या व्यवस्थेलाही हाच प्रश्न विचारावा लागेल. आपलाही वाटा त्यात येतो. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीत जाते. ज्या उजनीचे पाणी सोलापूर पिते, तिथे आपण वरच्या अंगाचे आहोत.

कायदा आज काय म्हणतो

पहिली गोष्ट, पाणी देणे ही महापालिकेची मेहरबानी नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये पाणीपुरवठा, गटारे आणि सार्वजनिक शौचालये ही बंधनकारक कर्तव्ये आहेत.

दुसरी गोष्ट, सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या सुभाष कुमार खटल्यात प्रदूषणमुक्त पाणी हा कलम २१ मधल्या जीविताच्या हक्काचा भाग मानला.

तिसरी गोष्ट वस्त्यांसाठी सर्वांत महत्त्वाची. मुंबईच्या पाणी हक्क समितीच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१४ रोजी निकाल दिला. घर अनधिकृत आहे एवढ्या कारणावरून माणसाला पिण्याचे पाणी नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. पाणी मिळाले म्हणून घर अधिकृत होत नाही, दरही वेगळा असू शकतो. पण ‘तुमची वस्ती कागदावर नाही, म्हणून पाणी नाही’ हे उत्तर आता चालत नाही.

शौचालयांबाबतही प्रमाण ठरलेले आहे. स्वच्छ भारत अभियानात सामुदायिक शौचालयासाठी ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक बैठक असे प्रमाण आहे. पुण्यात १९९९ नंतर थोड्याच काळात संस्थांच्या मदतीने वस्त्यांमध्ये चारशेहून अधिक शौचालये बांधली गेली होती. प्रशासनाने मनावर घेतले तर काम होते, याचा हा पुरावा आहे.

विहारातून काय करता येईल

आपल्या बहुतेक वस्त्यांत बुद्धविहार आहे आणि रविवारी माणसे एकत्र येतात. ही मोठी ताकद आहे. तिथून पुढील कामे सुरू होऊ शकतात.

पाण्याची वही ठेवावी. पाणी कधी आले, किती वेळ आले, दाब कसा होता, टँकर आला का, पाणी गढूळ होते का, हे रोज लिहावे. तीन महिन्यांची वही ही शंभर तोंडी तक्रारींपेक्षा भारी ठरते. ही वही महिलांच्या हाती असावी, कारण हिशेब त्यांनाच ठाऊक असतो.

पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी शिकून घ्यावी. आरोग्य कर्मचारी द्रावणाचे थेंब टाकून जी ओटी तपासणी करतात, ती कुणालाही जमते. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, रंग आला नाही तर नाही. रंग आला नाही तर त्याच दिवशी लेखी कळवावे, आणि तोवर पाणी उकळून प्यावे. हंड्यात हात न बुडवता ओगराळ्याने पाणी घ्यावे.

माहिती अधिकारात नेमके विचारावे. आपल्या भागाला रोज किती पाणी सोडले जाते, टँकरच्या किती फेऱ्या झाल्या, पाण्याचे नमुने कधी तपासले आणि निकाल काय आले, जलवाहिनीचे काम कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण होणार. गोल प्रश्नाला गोल उत्तर येते, म्हणून आकडा आणि तारीखच मागावी.

सेप्टिक टँकसाठी यंत्राची गाडीच बोलवावी, माणूस उतरू देऊ नये. आपल्या सोसायटीत, चाळीत, विहारात हा नियम लिहून लावावा. आणि कुणी टाकीत कोसळले तर मागोमाग आत न उतरता अग्निशमन दलाला १०१ वर बोलवावे.

मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर पुणे महापालिकेचा कारभार जवळपास चार वर्षे प्रशासकाच्या हाती होता. त्या काळात वस्तीचा प्रश्न सभागृहात मांडायला कुणी नव्हते. मत मागायला येणाऱ्याला म्हणून पुतळ्याचे आणि कमानीचे आश्वासन मागण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : आमच्या वस्तीत माणशी किती लिटर पाणी येते आणि ते तुम्ही कधी, किती कराल? १९२७ मध्ये बाबासाहेबांनी माणूस म्हणून बरोबरीची मागणी पाण्याच्या काठावर उभे राहून केली. आज तीच बरोबरी लिटर आणि तासांत मोजून मागायची आहे.

जय भीम.